त्या गुरुवारी डावीकडे

अक्का,

तुझी राजूरची खोली रिकामी करून आले. किल्ली घरमालकाच्या हातात दिली. भांडी दोन पोत्यांत मावली, कपडे एका पिशवीत. एवढ्या वर्षांचा तुझा संसार इतका थोडा, हे बघून मला आधी रडू आलं आणि मग राग आला. तुझ्या बाबतीत नेहमी येतात तसे, एकामागून एक.

तुला श्रीरामपूरच्या दफनभूमीत ठेवून अजून महिना झालेला नाही. माती बसलेली नाही म्हणून क्रूस लावायचा राहिलाय. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. स्मरणाच्या उपासनेत बहिणीनं चार शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं. मी सरळ नाही म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत जन्मभर बोललात, आता का मागं सरता?" त्यांना काय सांगू? मला बोलायचंय, पण मंडळीशी नाही. तुझ्याशी बोलायचंय, आणि तू ऐकायला नाहीस हे माहीत असून मी तुझ्याकडेच तोंड करून बसले आहे.

कारण तू धड गेलेलीच नाहीस. राजूरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेथी निवडत होते. सूनबाईनं विचारलं, "आई, भाजीत डाळ घालू का दाण्याचं कूट?" मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "थांब, विचारून घेते." तुझाच आवाज, कायम सर्दी झाल्यासारखा. मी वळून बघितलं तर दारात कुणी नव्हतं. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली आणि मी उगाच तिच्यावर खेकसले की डाळ घाल, त्यात काय विचारायचं. तेव्हापासून हे रोज चाललंय. दारात तू उभी असतेस, डोळे मिटून, हात पोटाशी धरून, आणि मी जवळ गेले की नसतेस. भीती वाटत नाही. तुझी कसली भीती? पण घरात कुणीतरी उत्तराची वाट बघत ताटकळलंय आणि ते उत्तर मी पदराला बांधून फिरतेय, असं वाटतं. आणि ते खोटं नाही. तू शेवटी मला जे विचारलंस, त्याचं उत्तर मला मिळालंय, अक्का. तू गेल्यावर मिळालं. मेला काय मुहूर्त!

तुझं हे विचारणं लहानपणापासूनचं. आपले अण्णा दर रविवारी उपासनेत उपदेश करताना सांगायचे की लहानमोठ्या प्रत्येक गोष्टीत प्रभूला विचारून पाऊल टाकावं. आम्ही सगळी ते ऐकायचो आणि घरी येऊन जेवायला बसायचो. तू मात्र ते अक्षरशः मनावर घेतलंस. निळी साडी नेसू का हिरवी, थांब, विचारून घेते. नाताळच्या शंकरपाळ्यांना तूप घेऊ का डालडा, थांब, विचारून घेते. मी म्हणायचे, "अगं, त्याला जग चालवायचंय, तुझ्या तळणाकडे बघत बसेल का तो?" तू म्हणायचीस, "त्याला सवड नसेल तर तो सांगेल की." आणि डोळे मिटून गुडघ्यांवर बसायचीस. एकदा भर पावसात चिंब भिजून घरी आलीस. मी विचारलं, "काय गं, आज देवानं छत्री घे म्हणून सांगितलं नाही वाटतं?" तू केस पुसत खो खो हसलीस. "छत्रीचं विचारायचंच राहिलं बेबी!"

सत्तरीला आले तरी तू मला बेबीच म्हणायचीस. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

संगमनेरचा तो कंपाउंडर आठवतो? चांगला होता गं. दोनदा बघायला आला, आईला जावई पसंत होता, त्यानं तुझ्यासाठी मोगऱ्याचं अत्तर आणलं होतं. तू तीन दिवस उपास केलास आणि सांगितलंस, प्रभू नाही म्हणाला. आई पदर डोळ्याला लावून बसली. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की देवाला पुढं करून नाही तूच म्हणालीस. तसं मी तुला तोंडावर बोललेही होते. तू चिडली नाहीस. म्हणालीस, "असेल तसंही. त्याचं नाही आणि माझं नाही कधी कधी एकाच आवाजात येतं." मला त्या वेळी ही शुद्ध पळवाट वाटली होती.

नर्सची नोकरी संपली तेव्हा मी तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली होती. खिडकीला जाळी बसवली, कारण तुला डास सहन होत नव्हते. वाटलं, दोघी बहिणी म्हातारपणी एकत्र राहू, संध्याकाळी चहा घेऊ आणि भांडू. तू आलीस, खोली बघितलीस, भिंतीवरून हात फिरवलास, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालीस की तुला राजूरला जायला सांगितलंय. आपलं तिथं कुणी नव्हतं. नोकरीत असताना तू दोन वर्षं तिकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर जात होतीस, तेवढीच ओळख. मी विचारलं, "कुणी सांगितलं?" आणि तू ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलंस, त्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझा देव माझ्याशी एकदा तरी बोलून बघेल का? मलाही दोन गोष्टी सांगायच्यात त्याला." त्या खोलीत पुढं गव्हाच्या कोठ्या ठेवल्या.

पण रुसवा फार टिकला नाही, कारण तू दर दोन महिन्यांनी राजूरचे पेढे घेऊन यायचीस आणि तोंड उघडलंस की थांबायची नाहीस. कुणाचं बाळंतपण कसं पार पडलं, कुठल्या म्हातारीनं गोळ्या खायच्या सोडून कोंबडीला घातल्या. पगार नाही, हुद्दा नाही, खांद्याला एक पिशवी आणि पायांत पुरुषी बूट. तिकडे तुला सगळी सिस्टरबाई म्हणायची. आल्यावर रविवारी तू मंडळीत साक्ष द्यायला उभी राहायचीस. प्रभूनं मला कसं चालवलं, हे सांगताना तुझा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. शेवटी एक गीत म्हणायचीस आणि तिथं मात्र आम्ही सगळे माना खाली घालायचो. तुझ्याइतकं बेसूर त्या देवळात कुणी गायलेलं नाही. गायनमंडळात तुला नुसते ओठ हलवायला सांगितले होते, ते तू हसत हसत सगळ्यांना सांगायचीस आणि तरी मोठ्यानं गायचीस.

एकदा मी तुझ्याकडे राहायला आले आणि तुझं ते फाट्यावर उभं राहणं डोळ्यांनी बघितलं. राजूरच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला, ओढ्यावरच्या एका मोरीपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे कातळवाडी, डावीकडे बोरवाडी. तुझे वार ठरलेले होते. गुरुवार कातळवाडीचा, शनिवार बोरवाडीचा, लोक तुझ्या येण्यावरून वार ओळखायचे. तरी प्रत्येक वेळी त्या मोरीपाशी तू थांबायचीस. मी म्हटलं, "आज शनिवार. डावीकडे जायचंय हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, वाडीच्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. मग?" तू म्हणालीस, "ठरवलं मी, पण वाट त्याची आहे ना? विचारायला काय जातं?" आणि डोळे मिटलेस. मागून जीप आली. आतल्या कुणीतरी हॉर्न दिल्याबद्दल ड्रायव्हरलाच झापलं, "ए, थांब की जरा. सिस्टरबाईंचं इचारनं चाललंय." सगळी जीप गुपचूप थांबली. ऊन तापलं होतं, मला घाम फुटला होता, मनातून लाजही वाटत होती. आणि एक सांगू? थोडा हेवाही वाटला होता तुझा.

आता तो गुरुवार. मला तो सांगायचा नाही, पण त्याच्यावाचून पुढचं सांगता येणार नाही.

आवणीचे दिवस होते, सगळी माणसं भात लावायला खाचरांत. कातळवाडीच्या रखमाला दिवस भरत आले होते. आदल्या गुरुवारी तू तिला तपासून आली होतीस आणि अजून पंधरा दिवस तरी आहेत असं सांगितलं होतंस. त्या सकाळी मोरीपाशी तू डोळे मिटलेस आणि तुला डावीकडे वळायला सांगितलं गेलं. तूच मला सांगितलंस, "कुणीतरी खांदा धरून वळवावं तसं वाटलं बेबी. इतकं स्पष्ट कधीच झालं नव्हतं." आणि तू गुरुवारी बोरवाडीला गेलीस. तिथं कुणी आजारी नव्हतं. कुणी घरीच नव्हतं. शेवटच्या घरापर्यंत गेलीस, दार लावलेलं होतं, दोन हाका मारल्यास. मग पाय दुखत होते म्हणून त्या घराच्या ओट्यावर टेकलीस, एक गीत म्हटलंस, मग आणखी एक, पाऊस उघडेपर्यंत बसलीस आणि परत आलीस.

रखमाला त्या पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या. तिला झोळीत घालून खाली राजूरला आणायचं असं नवऱ्याच्या मनात होतं. पण वाडीतली बायामाणसं म्हणाली, पावसात कशाला हाल, गुरुवार हाय, सिस्टरबाई आत्ता येतील. ते थांबले. मुलगी झाली, ती धडधाकट निघाली, पण रखमाचं रक्त थांबेना. दुपारनंतर त्यांनी झोळी उचलली. तू मोरीपाशी परत पोचलीस तेव्हा समोरून ती झोळी आली. फडकं दूर करून तू तिचा हात हातात घेतलास, तेव्हा तो गार होता.

एखाद्यानं वाट सोडून चालायचं ठरवलं तर तो स्वतः पडतो. तू सांगितलेल्या वाटेनं चाललीस आणि पडली दुसरीच. मला हे तेव्हाही पचलं नाही.

त्यानंतर तू मंडळीत साक्ष द्यायला कधी उभी राहिली नाहीस. साक्षीची वेळ आली की पाळक तुझ्याकडे बघायचे आणि तू गीतांच्या पुस्तकात बघायचीस. मला वाटलं, आता तरी हा नाद सुटला. म्हणून पुढच्या खेपेला तुझ्याकडे आले आणि तुला पुन्हा त्याच मोरीपाशी डोळे मिटून उभी बघितलं, तेव्हा मी रस्त्यात ओरडले. "अजून? अजून त्यालाच विचारतेस?" तू डोळे उघडलेस. केवढी म्हातारी दिसलीस त्या क्षणी. म्हणालीस, "मग कुणाला विचारू?" आणि निघालीस कातळवाडीला.

तिथं रखमाच्या सासूनं तुला दारातून हाकललं असतं तर बरं झालं असतं, असं तू एकदा म्हणालीस. तिनं पाणी दिलं. "सिस्टरबाई, तुमी काय देव हाय व्हय? तिची भरली हुती, ती गेली." आणि ती तान्ही पोर तुझ्या मांडीवर ठेवली. सगुणा. तिला तू बाटलीनं दूध पाजायला आजीला शिकवलंस, तिला पाटीवर अक्षरं काढून दिलीस, मोठी झाल्यावर राजूरच्या आश्रमशाळेत घातलंस. रविवारी ती तुझ्याकडे यायची, तू तिच्या केसांतल्या उवा काढायचीस. माझ्या लेकरांसाठी तू इतकं केलं नाहीस असं मी एकदा टोचून बोलले, आणि तू उठून आत गेलीस. तेव्हा मला कळलं की इथं थट्टा चालणार नाही.

आणि मग या वर्षी तुला आमच्या घरी आणलं, त्याच मागच्या खोलीत, कोठ्या बाहेर काढून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फार काही करू नका. एका दुपारी मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू छताकडे बघत होतीस. मग विचारलंस, "बेबी, त्या दिवशी माझ्याशी कोण बोललं गं?"

कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती. मी आयुष्यभर या वादात तुझ्या समोरच्या बाजूला उभी होते. देव माणसाबरोबर चालतो, पण फाट्यावर उभा राहून हात दाखवत नाही, असं माझं म्हणणं. ते मी मनापासून मानते. म्हणून मी तुला जे सांगितलं ते तुझ्या भल्यासाठीच सांगितलं. "कुणीच नाही, अक्का. दमली होतीस, पाऊस होता, पाय वळले. दोष कुणाचाच नाही."

तू भिंतीकडे वळलीस. "कुणीच नाही?" म्हणालीस. "मग त्याआधी इतकी वर्षं कोण बोलत होतं?"

मी वाटीत बोटं बुडवून तुझ्या दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं. त्यानंतर तू पाच-सहा दिवस होतीस, पण त्या विषयावर बोलली नाहीस. प्रार्थनेला पाळक आले तेव्हा आमेन म्हणालीस, सलाम म्हणालीस, पाणी मागितलंस. स्वतःहून मात्र डोळे मिटून काही विचारताना मी तुला पुन्हा बघितलं नाही. ते मला खातंय. मरायच्या आधी तुझं विचारणं थांबलं.

आता ऐक.

राजूरला गेले तो बाजाराचा दिवस निघाला. खोलीचं दार उघडं ठेवून मी भांडी पोत्यात भरत होते. माणसं येत होती, उंबऱ्यावर बसत होती, पदर डोळ्याला लावून उठत होती. कुणी तुझी चाळणी मागितली, कुणी कंदील. दुपारी एक बाई आली. पन्नाशीची असेल, उंच, हातात मेथीच्या रिकाम्या झालेल्या पाट्या. ती आत आली नाही आणि गेलीही नाही. बाकीच्या उठेपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. मग आत येऊन दार लोटलं.

"तुमी धाकल्या भैन ना? मी हौसा. बोरवाडीची. शेवटचं घर माझं."

मी म्हटलं, "या, बसा."

ती बसली नाही. "सिस्टरबाई गुरवारी आल्या हुत्या एकदा. रखमा गेली त्या दिशी. माझं दार लावल्यालं हुतं."

"हो. घरी कुणी नव्हतं ना? अक्कानं सांगितलं होतं मला."

"मी हुते घरात," ती म्हणाली.

अक्का, तुला कसं सांगू? तिची दोन लेकरं त्या उन्हाळ्यात पाठोपाठ गेली होती. घरात सगळे तिलाच बोल लावत होते. त्या दिवशी सगळी आवणीला गेल्यावर तिनं आतून कडी घातली होती. जीव द्यायचा असं तिचं ठरलं होतं, सगळी तयारी करून बसली होती. "आन् भायेर सिस्टरबाईंची हाक आली. मी गप बसले. म्हनलं, जातील. तर त्या ओट्यावर बसल्या आन् गायाच लागल्या." हौसानं पाट्या खाली ठेवल्या. तिच्या तोंडावर हसू येऊ की नको असं करत होतं. "लई वंगाळ गात हुत्या हो. म्हनलं, ह्या गेल्या की मंग. तर एक गानं संपलं की दुसरं. मधी सूर लावाया गेल्या तर ठसकाच लागला त्यांना. आन् मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला मी. एवढ्या दिसांत हसले नव्हते. हसता हसता रडाया आलं, लई रडले. त्या कवा उठून गेल्या कळलंबी न्हाई. मंग उठले, चूल पेटवली. माणसं खाचरातून भुकी येनार हुती."

मी पोत्यावर बसले. माझ्या हातात तुझं पातेलं होतं.

मग माझा आवाज चढला. "आणि हे तुम्ही आज सांगताय? तिला का नाही सांगितलं? माझी बहीण या एका दिवसाखाली दबून मेली हो! एक शब्द बोलला असतात तर..."

"कसं बोलू?" हौसाही तशीच म्हणाली. "दुसऱ्या दिशी रखमाचं कळलं. माझ्यापाय गेली ती. मी सांगितलं असतं, तर बाईंनी माझ्याकडं बघितलं की त्यांना रखमा दिसली असती. आन् वाडीनं मला काय म्हनलं असतं? ती पोर बाजारात मला मावशी म्हनती. तिला काय तोंड दाखवू? तुमच्या भैनीला एक वझं हुतं, मला न्हाई व्हय?"

मी तिला चहा विचारला नाही. ती निघून गेल्यावर लक्षात आलं, आणि तरी वाईट वाटलं नाही. मी त्या रिकाम्या खोलीत तुझं नाव घेऊन मोठ्यानं रडले. कुणीतरी बोललं होतं, अक्का! तू बहिरी नव्हतीस, वेडी नव्हतीस. तुझा खांदा धरला गेला होता. आपला वाद तू जिंकलीस, आणि हे ज्या कानांत ओरडून सांगायचं ते कान मी माझ्या हातांनी मातीत ठेवून आले होते. आनंदानं जीव फुटायची पाळी आली होती माझी. आणि त्याच्याच पोटात दुसरं काहीतरी वर यायला लागलं. एकीला वाचवायला दुसरीच्या वाटेवरून तुला वळवलं, असा हा कसला हिशेब? त्याला दोन्हीकडे पाठवायला माणसं नव्हती? रखमाच्या वाटेवर गायला कुणीच नव्हतं? तुझ्या देवाचा मला त्या एका दुपारी जेवढा विश्वास वाटला तेवढा कधी वाटला नव्हता, आणि तेवढा रागही.

चारच्या सुमारास सगुणा आली. नववीत आहे, शाळेचा गणवेश, दोन वेण्या. बापानं दुसरं लग्न केलंय, आजी आता उठत-बसत नाही, म्हणजे तिचं माणूस असं तूच होतीस. तिनं न सांगता झाडू घेतला आणि खोली झाडून काढली. मी म्हटलं, "तुला अक्काचं काय हवं ते घे गं." तिनं मान हलवली. काही नको म्हणाली. खाटेवर बसली, पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "मावशी, एक इचारू?"

"विचार की."

"त्या दिशी आक्का आमच्याकडं का न्हाई आल्या?"

उत्तर माझ्या ओठांवर गरम होतं. हौसा जाऊन दोन तासही झाले नव्हते. एका वाक्यात मी तुला निर्दोष करून टाकलं असतं. पण समोर ती बसली होती. तिला काय सांगायचं होतं मी? की देवानं त्या सकाळी दोन बायका बघितल्या आणि तुझ्या आईला सोडलं? की ती दुसरी बाई म्हणजे बाजारात तू जिला मावशी म्हणतेस तीच? जे तुझ्यासाठी औषध होतं, ते त्या पोरीला पाजायचं कसं?

आणि अक्का, मी डोळे मिटले. मी, जिनं तुझी जन्मभर थट्टा केली. मनात म्हटलं, प्रभू, काय सांगू हिला? थांबले. तू थांबायचीस तशी थांबले. बाजारातला भोंगा ऐकू आला, खाली कुणीतरी जीपमध्ये माणसं कोंबत संगमनेर, संगमनेर ओरडत होतं. दुसरं काही आलं नाही. डोळे उघडले तर ती पोर माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं.

"चुकली गं ती," मी म्हणाले. "रस्ता चुकली. माणूस आहे, चुकतं."

तुझ्यावर ढकललं. तू मेली आहेस, तू सोसशील, आणि तू असतीस तरी या पोरीसाठी हेच केलं असतंस, असा मी मनाशी विचार केला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की मी बरोबर केलं. कदाचित हेच ते सांगितलं जाणं असेल, असंही वाटलं.

सगुणाचे पाय हलायचे थांबले. मग म्हणाली, "आक्काबी हेच सांगायच्या. दर वाढदिसाला. हात जोडायच्या माझ्याम्होरं. म्हनायच्या, सगुणा, मी चुकले, मला माफी कर. मी म्हनायचे, न्हाई आक्का, तुमी इचारून जाता, तुमी कशा चुकाल? तुमाला देवानंच कुठंतरी लई नडीच्या मान्साकडं धाडलं असंल. मग त्या रडायच्या." तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्यांचं मी कधी खरं धरलं न्हाई. पन आता तुमीबी म्हनता, मंजी चुकल्याच असतील."

ती उठली. झाडू कोपऱ्यात उभा केला, दप्तर खांद्याला लावलं, येते म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी तिला हाक मारायला दारापर्यंत गेले, अक्का, आणि उंबऱ्याशीच थांबले.